महाराणीचा माग

मोठ्या वहिनीने धाकट्या दिराशी अबोला धरला होता, आणि त्याला कारण एक गाय.

गायीचं नाव महाराणी. मनात आलं तरच चालायची, नाहीतर चार जणांनी ढकललं तरी ढिम्म. ती वासरू असताना तिची आई दगावली, तेव्हा वहिनीनेच तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. पण पुढे ती दोनदा गाभडली, म्हणजे दिवस भरण्याआधीच वासरू गेलं, गोठ्यात जागा पुरेना, आणि वहिनी माहेरी गेल्याचं पाहून दिराने महाराणीला बाजाराची वाट दाखवली.

"दूधवाल्यालाच दिली, वहिनी. गळ्याशपथ!"

"गाभडणारी गाय दूधवाला घेईल होय? खाटकाला विकलीस असं सरळ सांग की."

तेव्हापासून घरात निरोपानिरोपी सुरू होती. दीर समोर बसलेला असला तरी वहिनी नवऱ्याला सांगायची, "तुमच्या भावाला म्हणावं, जेवायला या."

एका सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दिराने स्पीकर लावला. "तुमच्याकडून बाजारात गेलेल्या एका गायीला लाळ-खुरकूत झालाय. तिच्या कानातल्या बिल्ल्यात चिप आहे ना, त्यावरून माग काढत तुमच्यापर्यंत पोचलेय. एकही जनावर बाहेर सोडू नका. मी निघालेच."

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. सगळा गोठाच धोक्यात! वहिनीने मात्र त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"झालाय म्हणजे... ती आहे?"

"आहे की! आजारी आहे, पण आहे. एका दूधवाल्याच्या गोठ्यात."

वहिनी पेंडीच्या पोत्यावर मटकन बसली. डोळ्यांतून पाणी आणि ओठांवर हसू. हिचं डोकं फिरलं की काय, असं दिराला वाटलं. पण बाकीच्या गायींकडे नजर गेली तशी ती उठली आणि तिने गोठ्याचं दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या गमबूट घालूनच. एकेकीच्या कानाशी यंत्र धरायच्या, ते टुंईं वाजलं की तोंड उघडून जीभ बघायच्या, मग खुरांच्या बेचक्या. दीर शिंगं धरून उभा होता, घामाने निथळत. वहिनी एकेका गायीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शेवटची गाय झाली. बाईंनी मोबाइलवर बरंच काही चाळलं आणि म्हणाल्या, "कुणाच्याही तोंडात फोड नाहीत. आणि रोग तुमच्याकडून गेलेलाच नाही. तुमच्या गायीमागून तिथे एक बैल आला, त्याने नेलाय. त्याच्याही बिल्ल्यावरून कळतंय तो कुठून आला ते. तरी थोडे दिवस गोठा बंदच ठेवा."

दिराने शिंगं सोडली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"चहा घेणार?" वहिनीने विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. भाऊ तर शेतावर गेलेला. "मला विचारताय?"

"नाही, त्या बैलाला! चूल पेटलीच आहे, ये आत. आणि ऐक... उगाच संशय घेतला रे तुझा."

"मीही तुम्हाला न विचारता न्यायला नको होती," तो पुटपुटला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा येऊन सगळ्यांची तोंडं तपासली. कुणालाच काही नव्हतं, आता गायी बाहेर सोडायला हरकत नव्हती. तिकडे महाराणीही चारा खायला लागल्याचं त्यांनी सांगितलं, तसं वहिनीने गोठ्याचं दार सताड उघडलं. कोंडून कंटाळलेल्या गायी एकमेकींना रेटत उन्हात धावल्या. मध्ये सापडलेला दीर ओरडत होता, "अहो वहिनी, आवरा यांना, तुडवतील मला!" आणि वहिनी दाराला टेकून पोट दुखेपर्यंत हसत होती.