गरम, थंड आणि तिसरा पेला

आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. बाकी सगळी थेरं. तर दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत आमच्या क्षितिजानं बंगळूरहून पाकीट पाठवलं, हलक्या भाजणीच्या कॉफीचं. उघडून बघतो तर बिया फुटाण्याच्या रंगाच्या. मी फोनवर म्हटलं, अगं, कच्च्याच पाठवल्यास की काय? तर म्हणाली, "बाबा, प्लीज, उबालना मत. दूध नको, जायफळ तर नकोच." लखनौत वाढलेली पोर, तिचं मराठी असं अर्ध्या वाटेत हिंदी होतं.

तिची धडपड आईसाठी होती. वसुधाला, माझ्या बायकोला, केमोनं पार चिपाड करून टाकलं होतं. जिभेची चवच गेली होती. वरण खा की माती खा, तिला सारखंच. डॉक्टरांनी सोमवारपासून आणखी एक फेरी सांगितली होती. बरी होईल असं तेही म्हणत नव्हते, थोडे महिने मिळतील म्हणत होते. वसुधा नको म्हणायची आणि मी हटून बसलेला. रोज त्यावरून वाद, रोज तिचं तोंड भिंतीकडे. शेवटी कंटाळून म्हणाली, "या कॉफीची चव लागली तर येईन सोमवारी. नाही लागली तर तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाही." मी कबूल केलं. न करून सांगतो कुणाला?

क्षितिजाचं म्हणणं, तीच पूड गरम केली की आंबटसर लागते आणि थंड केली की गोडसर. तोंड आलेल्या माणसाला थंड सोसतंही. मी आदल्या दिवशी बिया दळून पूड गार पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी मलमलीतून गाळली. गरम वेगळी केली. पाकिटावर छापलं होतं, चव संत्र्याच्या सालीची आणि मधाची. ते मी तिला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. तेवढाच हुरूप, दुसरं काय!

आता माझी खोड सांगतो. इथं लखनौत औषध संशोधनात माझा उभा जन्म गेला. औषध तपासायचं तर सोबत एक नमुना बिनऔषधाचा ठेवायचाच, त्याशिवाय निकाल खरा धरायचा नाही, ही आमची शिस्त. हात सवयीनं चालले. एका पेल्यात गरम कॉफी, दुसऱ्यात थंड, तिसऱ्यात फ्रिजमधलं नुसतं पाणी. तिन्ही पेले स्टीलचे, झाकणाचे. तिच्या तोंडात फोड होते म्हणून प्रत्येकाला नळी. आत काय आहे ते दिसायचा प्रश्नच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा डोक्यात आलं नाही.

गरम घोट तिच्या फोडांना झोंबला, तिनं पेला बाजूला सारला. थंड कॉफीचा घोट बराच वेळ तोंडात घोळवून गिळला. मी निकालाच्या दिवशी शाळेत उभा राहिलेल्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि तिला ते दिसत होतं. मग तिनं तिसऱ्या पेल्यातला घोट घेतला आणि हसली. कित्येक आठवड्यांनी हसली.

"ही छान आहे," ती म्हणाली. "संत्र्याची साल लागतेय. शेवटी जरा मध. चला, सोमवारी जाऊ या."

गप्प राहता आलं असतं मला, आणि क्षणभर तेच मनात आलं. शब्द दिलाय ना तिनं, मग ने तिला. पुन्हा ती सुई, त्या उलट्या, ती पलंगाखालची बादली. आणि तिथंही ही बाई असंच हसून छान आहे म्हणणार. साताऱ्याहून उचलून या परमुलखात आणलं, तेव्हाही छान आहे म्हणाली होती.

"वसुधा, त्यात नुसतं पाणी होतं," मी म्हणालो.

तिनं पेला हळूच बाजूला ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग काय झालं? तुम्हाला हवं होतं ना मी यावं?"

"नाही जायचं आपण."

"नक्की?"

"नक्की."

तिनं डोळे मिटले आणि अंग असं सैल सोडलं की ही किती दिवस स्वतःला आवळून बसली होती ते मला तेव्हा कळलं. मी तिच्यासमोरच रडलो. आजारी ती, आणि पाठीवरून हात फिरवत होती माझ्या.

दुपारी क्षितिजाचा फोन आला. पहिलाच प्रश्न, आईला कुठली आवडली, गरम की थंड? काय सांगणार, कप्पाळ! मी विचारलं, घरी कधी येतेस? तर म्हणाली, मेमध्ये चांगली मोठी सुट्टी मिळतेय, तेव्हा येते.

"मे नको," मी म्हटलं. "मिळेल तेवढीच घे, पण या आठवड्यात ये."