चहाच्या पुड्या आणि हिल्डेगार्डची गाणी

मी ओकच्या लाकडाची एक जुनी ठवणी आहे आणि, मित्रांनो, मी अगदी वैतागले होते.

ऱ्हाइन नदीवरच्या ख्रिस्ती साध्वींच्या मठासाठी गावच्या सुताराने मला घडवले, ते गाण्यांची पोथी पेलायला. याच नदीकाठी शेकडो वर्षांपूर्वी हिल्डेगार्ड नावाच्या साध्वीने देवाची गाणी रचली. तिचे सूर खालून निघतात आणि चढतच जातात, गाणाऱ्याची दमछाक होते. माझ्यासमोर उभ्या राहून मठातल्या सिस्टर ती गायच्या, तेव्हा माझे लाकूडसुद्धा थरथरायचे.

पुढे सिस्टर थकल्या, गाणारे गळे कमी झाले. हिल्डेगार्डने औषधी वनस्पतींवरही लिहिले होते, म्हणून लोकांना ती आठवते ती तिच्या नावाच्या पौष्टिक बिस्किटांमुळे! मलाही मठाच्या दुकानात आणून माझ्यावर बडीशेपेच्या चहाच्या पुड्या रचल्या. जो तो विचारायचा, "पोटाला बरा का हो हा?" गाण्याचे कुणी विचारील तर शपथ!

एके सकाळी गायन शिकवणाऱ्या वृद्ध सिस्टर वालबुर्गा दुकानात आल्या.

"इर्मट्राउट, ठवणी दे. हिल्डेगार्डच्या सणाला गायचंय."

दुकान सांभाळणारी सिस्टर इर्मट्राउट पुड्या लावतच राहिली. "गाणार कोण? तुम्हाला आता वरचे सूर लागत नाहीत."

"तू गा."

"मी? मठात आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून ओठच हलवतेय!"

वालबुर्गा माझ्या कडेवरची धूळ पुसू लागल्या. माझा जीव नुसता तडफडला. इथे गाणे मरायला टेकलेय आणि यांचे रुसवेफुगवे संपेनात! बोला ना, बाई, काहीतरी!

"चुकलं माझं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझा आवाज खरखरीत आहे, पण वर चढतो. मला तेव्हा नुसता गोडवा हवा होता."

इर्मट्राउटने डोळे पुसले आणि सगळ्या पुड्या खाली जमिनीवर काढून ठेवल्या.

सणाच्या दिवशी भरल्या चर्चमध्ये सर्वांत वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. ती लाल झाली. वालबुर्गांनी हातानेच खुणावले, पुन्हा. तिने श्वास भरला, तोच सूर पुन्हा घेतला, आणि या खेपेला सूर वर गेला तो तिथेच ठरला. मी मुळापासून थरथरले.

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी चहा मागितला.

"थोडं थांबा हं," इर्मट्राउट म्हणाली, "आमची तालीम चाललीय."

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसते पुसूनपुसून ठेवू नका. माझ्यावर पोथी उघडा आणि गा. आवाज फाटला तरी चालेल.