अंधाराची सवय

शंतनूने मोबाईल आईच्या नाकासमोर धरला. "हा बघ तुझा ध्रुवीय प्रकाश. गुलाबी, हिरवा, सगळा आलाय. चल आता, थंडी बाधेल."

वासंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. "बंद कर ते. चित्रं मी एकतीस वर्षं दाखवली."

साताऱ्याच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. दरवर्षी त्या धड्याला एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, तुम्ही पाहिलाय?" आणि दरवर्षी 'नाही' म्हणताना बाई ओशाळायच्या. आता उजवा डोळा काचबिंदूने गेला होता. डावा किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. म्हणून आज प्रकाश दिसणार अशी बातमी ऐकताच त्यांनी मुलाच्या परदेशातल्या, अल्बनीच्या घरी कुकरसुद्धा लावू दिला नाही. अंधार पडता पडता नातीसह तिघं मुरीवायच्या समुद्रकिनाऱ्यावर आली होती. मोबाईलमध्ये रंगच रंग होते. बाईंना मात्र दक्षिणेला, दक्षिण ध्रुवाच्या दिशेला, नुसता काळोख दिसत होता.

"डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या डोळ्याला तीस. तोवर उजेड नको."

"मग टाइम कसा कळणार, आजी?" श्रियाने विचारलं.

"दोन ते तीस पाढे म्हटले की दहा मिनिटं होतात. तीनदा म्हणू."

"नो वे, आजी."

"बे एके बे," आजीने सुरुवात केली.

दुसऱ्या खेपेला एकोणीसच्या पाढ्यावर असताना एक गाडी वळली आणि तिचे दिवे थेट बाईंच्या तोंडावर आले. त्यांनी डोळ्यावर पदर घेतला, पण उशीर झाला होता.

"गेलं," शंतनू म्हणाला. "आई, पुरे आता."

"परत दोनपासून."

शंतनू वाळू तुडवत त्या गाडीकडे गेला. "किया ओरा," इथल्या पद्धतीने नमस्कार करणारा त्याचा आवाज आला, "लाइट्स बंद कराल का प्लीज? माझी आई बघतेय." तिथून तो हललाच नाही. येईल त्या गाडीला तेच सांगत राहिला.

नव्या मोजणीत तिसऱ्यांदा तीस दाहे तीनशे झाल्यावर वासंतीबाईंनी मान वर केली. क्षितिजाच्या वर राखेसारखा फिकट उजेड होता. त्यात एक खांब उभा राहिला, डावीकडे सरकला, विरला. लगेच दुसरा उभा राहिला.

"कलर्स दिसतात का?" श्रियाने विचारलं.

"नाही गं. पण हलतंय. पुस्तकात ते जागचं ढळत नसे. मुलींना मी हे कधी सांगितलंच नाही."

शंतनू परत आला. "दिसलं ना? निघायचं?"

"आत्ता कुठे दिसायला लागलंय," वासंतीबाई म्हणाल्या, आणि शाल लपेटून वाळूवर बसल्या.