रुसलेल्या घराचं दार

राजारामपुरीतल्या गल्ल्या फूटपट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ, आणि त्यांतली घरंही शहाण्या मुलांसारखी रस्त्याकडे तोंड करून बसलेली. काळ्या घडीव दगडाचं जोतं, वर मंगलोरी कौलं, पुढे सोपा, सोप्याला लाकडी झालर आणि दाराच्या दोन्ही अंगांना गप्पा मारायला कट्टे. एक घर मात्र सगळ्यांकडे पाठ करून बसलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या घराची मोरी दिसायची, बंबाचा धूर दिसायचा, वाळत घातलेली धोतरं दिसायची आणि स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसलेली कालिंदी दिसायची. नक्षीची सागवानी चौकट, कट्टे, खिडक्यांवरच्या रंगीत काचा, हे सारं वैभव मागच्या बोळात. ते बघायला तिथं बोळातल्या बयाबाई गवळणीच्या म्हशींखेरीज कुणी नव्हतं. गल्लीत त्याला रुसलेलं घर म्हणत. पोस्टमनसुद्धा तसंच म्हणे आणि पत्र मोरीच्या खिडकीतून आत टाकी.

हे घर बांधलं कालिंदीच्या सासऱ्यांनी. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा संस्थानच्या दप्तरात कारकून, नाकावर माशी बसू न देणारे. चौकट बसवायचा मुहूर्त त्यांनी दोन ज्योतिषांकडून काढून घेतला होता. नेमकी त्याच दिवशी रस्त्यात गटारासाठी चर खणलेली. चौकट घेऊन आलेला गाडीवान वळसा घालून मागच्या बोळात शिरला आणि तिथंच ती उतरवून निघूनही गेला. तेव्हा ही वस्ती नवीन होती. शेजारी म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल न येईल इतके लांब. पिराजी गवंडी आणि त्याची दोन-तीन माणसं, एवढ्यांना ते धूड उचलून रस्त्याच्या बाजूला आणणं जमेना. भटजी सारखे सूर्याकडे बघत होते. शेवटी दादांनी फर्मान सोडलं की चौकट जिकडं, घर तिकडं. झालं. चौकटीची पूजा झाली, उंबऱ्याखाली सोन्याचा मणी पुरला गेला, आणि पूजलेला उंबरा हलवायचा नसतो म्हणून सगळं घर त्या चौकटीभोवती उलटं उभं राहिलं. सोपा यायचा तिथं स्वयंपाकघर आणि मोरी यायची तिथं सोपा. पुढे दादांना त्याबद्दल कुणी विचारलं, की ते म्हणत, वारा बोळाकडून चांगला येतो. म्हशींचा वासही तिकडूनच येतो, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

कालिंदी या घरात सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. वरात बँड वाजवत रस्त्यावरून आली. बोळात म्हशी बांधलेल्या, त्यामुळे तिकडून जायची सोय नव्हती. सासूबाईंनी तांदळाचं माप स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं. कालिंदीनं उजव्या पायानं ते लवंडलं, आणि तांदूळ घरात सांडायचे ते घरंगळत शेजारच्या मोरीत गेले आणि पाण्याबरोबर गटाराला लागले. बायका हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "लक्ष्मी आली, पण मोरीवरनं आली गं बाई." नवरदेव नृसिंह खाली मान घालून शेजारी उभा होता. तो हसला नाही, पण काही बोललाही नाही. कालिंदीला त्या बाईचं तोंड आता आठवत नव्हतं; वाक्य मात्र जसंच्या तसं आठवत होतं.

त्या नृसिंहाचे आता अप्पा झाले होते. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. दादा गेल्यावर कालिंदीनं दर दिवाळीला विषय काढला, की चौकट काढून रस्त्याकडे बसवू या. अप्पा दर दिवाळीला "बघू की" म्हणत आणि वर्तमानपत्र उघडत. नुसतं बघण्यात त्यांची हयात गेली, असं ती बयाबाईला सांगायची. बयाबाई म्हशीची धार काढता काढता म्हणायची, "माझ्या म्हशीस्नी बी सवं लागलिया बगा तुमच्या चौकटीला मान घासायची."

मधल्या काळात सागरमाळावर विद्यापीठ आलं आणि गल्लीचा नूरच पालटला. कुणी माडी चढवली, कुणी सोपा बंद करून विद्यार्थ्यांना खोली दिली. सकाळी पोरापोरींचे थवेच्या थवे माळाकडे चढू लागले. उन्हात चढ चढायचा म्हणजे घसा कोरडा पडणार, आणि रस्त्याला लागून उघडं दार एकच, कालिंदीच्या स्वयंपाकघराचं. एका मुलीनं पाणी मागितलं, दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, महिन्याभरात दारात माठ ठेवावा लागला. कालिंदी कुरकुरायची, की माझं घर आहे का एस्टी स्टँड? आणि कुरकुरत माठ भरायची. पावसाळ्यात पोरं भिजून आली की चुलीपुढे उभं करून चहाही पाजायची. पाणी मागणारी ती पहिली मुलगी जयसिंगपूरची, श्यामला. सकाळच्या गाडीनं यायची. कालिंदीचा मुलगा श्रीपाद वारणानगरच्या कारखान्यात केमिस्ट होता. तो सुट्टीला घरी आला की माठ भरायचं काम अचानक स्वतःकडे घेऊ लागला. अप्पांना कळायच्या आधी हे सगळ्या गल्लीला कळलं. दोन्ही घरांना नाव ठेवायला जागा नव्हती. लग्न फाल्गुनात करायचं ठरलं.

त्या दिवशी कालिंदीनं पदर खोचला. अप्पांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि सांगितलं, की माझी सून मोरीवरून घरात येणार नाही. दार रस्त्याकडे झालं नाही, तर मीच वऱ्हाडाबरोबर जयसिंगपूरला जाऊन राहीन.  या वेळी अप्पांनी "बघू की" म्हटलं नाही. चपला घातल्या आणि ते पिराजीचा मुलगा गुंडू याच्याकडे गेले. गुंडूही गवंडीच होता, आणि बापानं उलटं बांधलेलं हे घर त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

माघात मुहूर्त निघाला. सकाळी अकराच्या आत चौकट उभी राहायला हवी होती. गुंडूनं आधी आठ-दहा दिवस राबून मोरी परसाच्या कोपऱ्यात हलवली, तिच्या जागी छोटा सोपा काढला आणि रस्त्याकडची दगडी भिंत चौकटीच्या मापानं उघडली. जोत्याला दोन पायऱ्याही लावल्या. मुहूर्ताच्या दिवशी तांबडं फुटायला त्यानं बोळातली जुनी चौकट अलगद सुटी केली. उंबऱ्याखालचा सोन्याचा मणी सापडला, तो कालिंदीनं पदराच्या टोकाला बांधला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि चौकट उचलायची वेळ झाली तेव्हा गुंडू बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. त्याचा चेहरा उतरला होता. नळाचा पाइप टाकायला आदल्या संध्याकाळीच बोळाच्या तोंडाशी चर खणलेली होती, पुरुषभर खोल आणि बोळाइतकी रुंद. पलीकडे मातीचा ढीग. घरातून चौकट न्यावी तर आतली दारं तिच्यापेक्षा अरुंद. सुटी करून न्यावी तर जुन्या सांध्यांना ठोकलं की लाकूड चिरणार. गुंडूची माणसं तीन. बापाच्या वेळी होती तेवढीच.

भटजी घड्याळाकडे बघू लागले. मग खाकरून म्हणाले, की होती तिथंच परत उभी करावी, मुहूर्त टाळू नये. गुंडूनंही मान डोलावली.  अप्पा कालिंदीकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "तू म्हणशील तसं."

इतकी वर्षं तिनं दादांना मनातल्या मनात बोल लावले होते. एका मुहूर्तापायी माणूस सगळं घर उलटं बांधतो, म्हणजे काय म्हणावं! आता तिच्या तोंडाशी तेच शब्द येऊन उभे राहिले. बसवा इथंच, म्हटलं की सुटका होती. मुहूर्त साधणार होता, सुनेच्या पायाला अपशकुन लागणार नव्हता, कुणाची बोलणी खावी लागणार नव्हती. तिला दादांची दया आली, आणि स्वतःची भीती वाटली. घाई झाली की माणूस असाच हरतो, हे तिला त्या मिनिटात स्वच्छ कळलं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं गलका ऐकू आला. विद्यापीठाची पोरं नेहमीप्रमाणे पाण्याला आली होती. माठ रिकामा, भिंतीला भगदाड आणि काकूंचा पत्ता नाही. ती त्या भगदाडातूनच आत शिरली आणि घर ओलांडून बोळात येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे आकाराम होता. शिरोळकडचा शेतकऱ्याचा पोर, पहाटे तालमीत घुमायचा आणि दुपारी अर्थशास्त्र शिकायचा. कालिंदीच्या माठातलं निम्मं पाणी त्याच्या एकट्याच्या पोटात जात असे. काय झालं ते त्यानं गुंडूकडून ऐकून घेतलं, चौकटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काकू, ह्येच्यापरीस आमच्या बैलगाडीचं जू जड हाय. न्यायची कुटनं, त्येवढं सांगा."

कुठून न्यायची, तेच तर कोडं होतं. ते बयाबाईनं सोडवलं. तिच्या गोठ्याला पलीकडच्या गल्लीत उघडणारं मोठं फाटक होतं. ती हातातली चरवी खाली ठेवून म्हणाली, "माझ्या गोठ्यातनं काढा की. म्या म्हशी भाईर हाकलतो. चांगली तीस वरसं घासून घासून त्यांनीच गुळगुळीत केलिया ती, एवढा मान दिऊ देत त्यास्नी."

मग जे झालं, ते राजारामपुरीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढे बयाबाईच्या म्हशी, त्यांच्या मागे काठी उगारून वाट मोकळी करणारी बयाबाई, तिच्या मागे पोरांच्या खांद्यांवर आडवी झालेली गणेशपट्टीची चौकट, आणि शेवटी सोवळं सावरत पळणारे भटजी. पोरांनी तिला पालखीसारखं नाचवत गोठ्यातून काढलं, पलीकडच्या गल्लीतून फिरवलं आणि कोपऱ्यावरून वळवून रस्त्यावर आणलं. घराघरांतून लोक कट्ट्यांवर आले. कुणीतरी आतून हळद-कुंकू घेऊन धावलं. मुली वह्या छातीशी धरून मागून चालत होत्या. अप्पा गर्दीतून वाट काढत "सावकाश, कोन सांभाळा" असं सांगत होते, आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं कुणीतरी ऐकत होतं.

अकराला काही मिनिटं असताना चौकट उभी राहिली. कालिंदीनं पदराची गाठ सोडून मणी उंबऱ्याखाली ठेवला.  मग ती उठली आणि सरळ माठ भरायला गेली, कारण रडू लपवायला तिला दुसरी जागा सुचली नाही. स्वयंपाकघराच्या त्या दाराची लाज बाळगण्यात तिनं उमर काढली होती, आणि त्याच दारानं आज तिला माणसं पुरवली होती. पोरांचा पहिला तास बुडाला, त्याबद्दल कुणालाही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

फाल्गुनात लग्न झालं. वरात आली ती बँड वाजवत, आणि या वेळी सरळ नव्या पायऱ्यांशी येऊन थांबली. चौकटीला आंब्याचं तोरण होतं. श्यामला पायरी चढताना सासूच्या कानात म्हणाली, की मला स्वयंपाकघराचंच दार ओळखीचं आहे, इथून वाट चुकेन मी. कालिंदीनं तिला डोळे वटारून गप्प केलं. माप भरून उंबऱ्यावर ठेवलं. श्यामलानं नाव घेतलं, उजव्या पायानं माप लवंडलं आणि ती आत गेली. तांदूळ सोप्यात सांडले. कालिंदी ते डोळे भरून बघत राहिली आणि मग सवयीनं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. चहाचं आधण ठेवायचं होतं.

"थांब जरा," अप्पा म्हणाले.

त्यांच्या हातात दुसरं माप होतं. तांदळानं शिगोशीग भरलेलं. ते कधी भरलं, कुठं लपवलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या वऱ्हाडादेखत ते वाकले. गुडघा दुखत होता म्हणून चौकटीला धरून वाकले आणि माप उंबऱ्यावर ठेवलं.

"हे तुझं," ते म्हणाले. "जरा उशीर झालाय."

कालिंदी जागच्या जागी उभी राहिली. त्या दिवशी खाली मान घालून उभ्या असलेल्या माणसानंही ते वाक्य ऐकलं होतं आणि तिच्याइतकंच जपून ठेवलं होतं, हे तिला आज समजत होतं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून समजलं नव्हतं. ती म्हणाली की वय काय माझं, लोक हसतील. लोक खरंच हसत होते, पण निराळं हसत होते. बयाबाई दारात हात पसरून आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "नाव घेतल्याबिगार आत सोडत न्हाय बगा."

कालिंदीनं पदर डोक्यावरून घेतला. घसा साफ केला.

"बोळातली चौकट आली रस्त्याच्या दारी,
नृसिंहरावांचं नाव घेते, बाजूला व्हा सारी."

आणि उजवा पाय असा काही उडवला, की माप थेट माजघराच्या दारावर जाऊन आपटलं आणि तांदूळ सोपाभर उधळले. ते तिनं दोन दिवस कुणाला झाडू दिले नाहीत. अप्पा त्यांवरून एकदा घसरले, तरीही नाही.