डाव्या पुडीवरची माशी

"मामी, पंखांचेच फोटो धाडलेत तुम्ही. माशी बसलीय कशावर?" दौंडहून भाची प्रांजल फोनवर विचारत होती, आणि निमोण्यात सिंधूबाई पखवाजापुढं बसून माशीकडंच बघत होती.

माशी दाण्याएवढी, हिरवट. पंखांवर काळी नक्षी. बसली की एक पंख उचलायची, तो ठेवून दुसरा. जणू हात पालटून ठेका धरलाय. तिचे मालक, पखवाजी सोपानराव, असेच बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आधी मांडीवर ठेका धरत. ते गेले, दहावं-तेरावं झालं, आणि ही यायला लागली. प्रांजल कॉलेजात किडे शिकवते, तिला कळेल. जगात अशी माशी असली, तर ती नाव सांगेल. नसली, तर... पुढचं मनातही बोलायचा धीर नव्हता.

अखेर सिंधूबाईनं पुडीचा फोटो धाडला. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, वाजवण्यापुरती ओली कणीक लावतात, मग खरवडून काढतात. सोपानराव भर कीर्तनात कलंडले, तेव्हाची कणीक तशीच होती. तिच्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. तो तडकू नये म्हणून सिंधूबाई रोज पाण्याचा हात फिरवायची.

प्रांजलनं फोटो मोठा करून पाहिला. मग प्रांजलनं हळूहळू सांगितलं. माशी सहसा दिसत नाही, पण आहे. तिचं नावही आहे. आंबलेल्या ओलीत अंडी घालते. पंख हलवणं हा तिच्या जातीचाच धर्म.

"म्हंजी ह्ये न्हाईत."

"मामी, कातड्याला अळ्या लागतील. मामा कवा कणीक ठेवून पखवाज निजवायचे का?"

कधीच नाही. कितीही दमून आले तरी आधी पुडी पुसायचे, मग ताटावर बसायचे. वाद्य म्हणजे देवाचा गळा, म्हणायचे, खरकटं ठेवू नये.

सिंधूबाईनं बोटं ओली केली. ठसा मोडू न देता कणीक तळहातावर उतरवून घेतली, पुडी कोरडी केली. एकादशीला भजनी मंडळाची माणसं पखवाज मागायला येणार होती. या वेळी ती नाही म्हणणार नव्हती.

कणीक तिनं झेंडूच्या बुडाशी ठेवली. सकाळी फुलं तोडायला गेली, तर माशी तिथं हजर. एक पंख, मग दुसरा.

"माशीच हाय," सिंधूबाई स्वतःशी म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढून, तेवढं झाड सोडून फुलं तोडू लागली.