मालिकेतलं उलथनं

शिवकांताचा मुलगा टीव्हीत आहे, असं अणदुरात सगळे म्हणायचे. खरं तर सिद्धाराम मुंबईत बसून एका मालिकेचे संवाद लिहायचा, पण हा फरक कुणाला समजावून सांगायची घाई शिवकांताला कधीच झाली नाही. मालिकेत त्याचं नाव पडद्यावरून पळत जायचं आणि ते पकडायला शेजारची शरणम्मा रोज चष्मा पुसून हजर असायची.

त्या सोमवारी सिद्धाराम स्वतःच घरी आला होता. आजचा भाग तुमच्याबरोबर बघायचाय, म्हणाला. सकाळपासून त्याला घास गिळत नव्हता. गूळ घालून केलेली गव्हाची हुग्गी म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण तीही वाटीत तशीच राहिली. नोकरीचं काहीतरी बिनसलं असेल, असं शिवकांताला वाटलं.

संध्याकाळी भाग सुरू झाला आणि घरात हशा पिकला. मालिकेतली आई पदर खोचून आली, उलथन्यानं तवा दोनदा वाजवला आणि मगच बोलायला लागली. हे शिवकांताचं आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ती चिडली की आधी तवा बोलतो, मग ती.

"तुलाच उचलून नेलंय की गं," शरणम्मा म्हणाली. "फकस्त पैठणी नेसून भाकरी थापायलीस."

शिवकांता लाजली आणि जरा फुगलीही. तेवढ्यात मालिकेतला मुलगा, बँकेत नोकरीला असलेला कैवल्य, आईसमोर उभा राहिला. "आई, माझ्यासाठी मुलगी बघू नकोस. माझं एका मुलावर प्रेम आहे."

शिवकांताचा नवरा गुंडप्पा सरसावून बसला. "आमच्या काळी पिक्चरमधी असली पोरं नुसती रुमाल हलवत यायची, लोकांनी हसावं म्हणून. हे तर साधंसरळ दिसतंय."

"बँकेत हाय म्हणल्यावर कुणीबी पोरगी दील की," शरणम्मा म्हणाली.

"आवो, त्याला पोरगीच नको हाय. तेच तर सांगायलंय त्यो!" गुंडप्पा म्हणाला.

पडद्यावर मात्र खिडक्या बंद असूनही वारा सुटला, वीज कडाडली. आईचा चेहरा तीन बाजूंनी दाखवून झाला. तिनं कैवल्यच्या थोबाडीत मारली, "आजपासून माझा मुलगा मेला," म्हणाली आणि निऱ्या न विस्कटता बेशुद्ध पडली. भाग संपला.

कुणी हसलं नाही. शरणम्मानं चपला घातल्या. "तू आसं म्हणशील आसं वाटलं नव्हतं, बाई," म्हणाली आणि गेली.

शिवकांता तडक स्वयंपाकघरात गेली. मागोमाग सिद्धाराम आला. तिच्या हातात उलथनं होतं, पण तिनं तवा वाजवला नाही. त्यानंच तो जास्त घाबरला.

"तवा माझा, उलथनं माझं," ती म्हणाली. "मग पोरगं कुणाचं?"

सिद्धारामनं मान खाली घातली. "तुझंच, अव्वा."

शिवकांतानं उलथनं ओट्यावर ठेवलं. "आन् मेला म्हणणारी ती बाई? ती बी मीच व्हय?"

"न्हाय गं. ते मी लिहिलंच नाही. तुझं बोलणं मी कोरं सोडलं होतं. शूटिंगचा दिवस आला, मग चॅनेलवाल्यांनी काहीबाही भरलं."

"कोरं कामून?"

"तू काय म्हणशील, सुचलंच न्हाय मला."

जिचा तवासुद्धा त्याला पाठ होता, तिचं एवढं एक वाक्य लेकाला सुचू नये? शिवकांताला हे फार लागलं. पोराला पोरगा आवडतो, त्याहून जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले.

"आपला खंडोबा नळदुर्गाला जातो, तवा काय करतेत?" तिनं विचारलं.

"करार," तो गोंधळून म्हणाला.

अणदूरच्या खंडोबाला दोन गावं. वर्षातले काही दिवस देव नळदुर्गाला मुक्कामाला जातो, आणि तो कधी परत यायचा हे दोन्हीकडची मंडळी आधी लिहून ठरवतात, मगच देव हलतो.

"देव तिकडं कसा ऱ्हातो, आमी इचारत न्हाय. घरी परत येणार का, एवढंच बघतो. तू मुंबईला गेलास तवा करार करायचा ऱ्हायला. आता करू. दरसाल जत्रंला यायचं. आन् एकटं न्हाय, त्याला घेऊन. हाय ना कुणी?"

सिद्धारामनं मान डोलावली.

"मला समदं कळलंय आसं न्हाय," ती म्हणाली. "कळंल हळूहळू. पण मेला-बिला माझ्या तोंडी घालू नगंस. बस, हुग्गी खा."

तो बसला आणि सकाळपासूनचा पहिला घास त्यानं तोंडात घातला.

बाहेरून गुंडप्पानं हाळी दिली. "सिद्धा, उद्या काय हाय रं? ती बाई शुद्धीवर येती का न्हाय?"

शिवकांतानं पदरानं डोळे पुसले, उलथनं उचललं आणि तवा दोनदा खणखणीत वाजवला.

"आली म्हणावं शुद्धीवर! टीव्ही बंद करा आन् आत या. तुमच्यासंगं बोलायचंय आमाला."