बॅट टाकून पळायचं

"बिडो! ब्याट बिडो रं परशराम!" नागेंद्र सर ओरडले, आणि परशराम पुन्हा बॅट घेऊनच बेसबॉलच्या पहिल्या गादीपर्यंत पळत गेला.

टीमचे कोच असलेले सर मूळचे बैलहोंगलचे. राग आला की त्यांचं मराठी संपायचं आणि कन्नड सुरू व्हायचं. 'बिडो', म्हणजे सोड, एवढं कन्नड आता टीममधल्या सगळ्यांना पाठ झालं होतं.

"हात सुटंना झालाय सर," परशराम म्हणाला. "पंचवीस वर्सं ब्याट घिऊन पळालोय. रेषेवर टेकली की आत."

"ते क्रिकेटात. हितं चेंडू यायच्या आदी गादीला पाय लागाय पायजे. ब्याट लागून उपेग न्हाय."

परशराम वडगावात पॉवरलूमवर साड्या विणायचा. वय सदतीस. टेनिस बॉलच्या सामन्यांत लांब मारणारा म्हणून त्याला सगळं बेळगाव ओळखायचं. बेसबॉलची नवी लीग निघाली तेव्हा निपाणीच्या जोतिराम शेठनी हौसेनं बेळगावची टीम घेतली आणि असलेच मारणारे गोळा केले. मारायला सगळ्यांना येत होतं, बेसबॉल कुणालाच येत नव्हता. पहिलाच सामना हुबळीनं एकोणीस-शून्य असा जिंकला. पुढं परशरामच्या हातून बॅट सुटायला लागली, टीम थोडी बरी खेळायला लागली, तरी नऊ सामन्यांत नऊ पराभव झाले. खडेबाजारात चहाच्या गाडीवर लोक "हरला काय?" असं विचारतच नसत. "कितीनं?" एवढंच विचारत.

परशराम सरावाला गेला की माग त्याची बायको राणी चालवायची.

"सारकं हरालाय, मग जाताय तरी कशाला वो?" तिनं एकदा विचारलं.

जर्सीच्या पाठीवर त्याचं नाव होतं. जन्मभर साड्या विणल्या, त्यांच्यावर नाव दुकानदाराचं. हे नाव त्याला फार आवडत होतं आणि ते जाऊ नये असं वाटत होतं, एवढीच गोष्ट.

दहाव्या, शेवटच्या सामन्याआधी शेठ मैदानात आले. "एक तरी जिंका रं. फुडल्या वर्सी टीम ठेवतो. न्हायतर मंडळी मलाच घराभायेर काढत्यात."

सामना मिरजेशी होता. शेवटचा डाव आला तेव्हा मिरज पाच, बेळगाव चार. बेळगावचे दोन गडी बाद झाले होते. तिसरा गेला की खेळ संपणार. भरमू तिसऱ्या गादीवर उभा, शामू दुसऱ्यावर. दोघं घरी, म्हणजे मारणाऱ्याच्या जागी, पोचले की सहा. मारायला परशराम.

दोन चेंडू त्यानं हुकवले. तिसरा बॅटच्या मधोमध बसला. चेंडू सणसणत गेला, मिरजेच्या गड्यानं आडवं पडून तो अडवला. भरमू पळाला, मागून शामू. परशराम जीव खाऊन पहिल्या गादीकडं निघाला. घाईत माणसाच्या हाताशी जुनं तेच येतं. सर घसा फुटेस्तोवर "बिडो" ओरडत होते, ते त्याला ऐकूच आलं नाही. चेंडू फेकलेला त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला, अंग झोकून दिलं आणि हात लांब करून बॅट गादीला टेकवली.

चेंडू पहिल्या गादीवर उभ्या मिरजेच्या गड्याच्या हातात पडला. परशरामचा पाय अजून वीतभर मागंच होता.

पंचानं हात वर केला. आऊट.

"टेकली की! ब्याट टेकली की आदी!" परशराम पडल्या पडल्या ओरडला. मग त्यानं हातातल्या बॅटकडं पाहिलं.

तिकडं भरमू आणि शामू एकमेकांना मिठी मारून नाचत होते. पहिल्याच गादीवर मारणारा बाद, म्हणून त्यांच्या दोन्ही धावा रद्द, हे सरांना त्यांना जाऊन सांगावं लागलं.

शेठनी परशरामच्या पाठीवर हात ठेवला. "मारलास मात्र लई झ्याक." टीम बंद झाल्याचं सगळ्यांना तेवढ्यावरून कळलं.

सामान गोळा करताना परशरामनं जर्सी घडी करून सरांपुढं धरली.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडंच," सर म्हणाले. "नाव तुजं हाय. दुसऱ्याला काय करायची?"

पंधरा दिवसांनी, रविवारी, वडगावच्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना होता. परशराम साधा सदरा घालून खेळायला उतरला. आल्या आल्या त्यानं चेंडू बाजूला तटवला आणि एका धावेसाठी पळाला. पळता पळता समोरून फेकलेला चेंडू आला, स्टंप उडाले. त्याचा पाय रेषेपासून वीतभर मागं राहिला होता.

"आण्णा, ब्याट लांब करायची न्हाय व्हय?" कुणीतरी ओरडलं. "ब्याट कुठाय तुमची?"

सगळे हसले. परशरामही हसला. मारल्या जागेवरच बॅट पडली होती. तो परत गेला, ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि पुढच्या गड्याच्या हातात दिली.